डॉक्समधल्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करून पाठवायच्यात, कुठून सुरू करू?

मोकळाकंस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बराच काळ वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय. कामात एक ओपन सोर्स लायब्ररी वापरतो, तिचे डॉक्स (माहितीची पानं) सारखे उघडावे लागतात आणि त्यात स्पेलिंगच्या इतक्या चुका आहेत की आता डोळ्यांना खुपायला लागल्यात. रिसीव्हमध्ये ई च्या आधी आय, सेपरेटमध्ये मधल्या ए च्या जागी ई, एका ठिकाणी तर 'द' लागोपाठ दोनदा. कोड लिहून हातभार लावावा एवढा माझा त्या प्रोजेक्टचा अभ्यास नाही, पण हे तरी जमेल असं वाटतंय. तर असल्या फुटकळ पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे आपला बदल स्वीकारा अशी विनंती) आल्या की मेंटेनर लोक (प्रोजेक्ट सांभाळणारे) वैतागतात का? सगळ्या चुका एकाच पीआरमध्ये घालायच्या की पानागणिक वेगळ्या? आणि हे डोळ्यांनी शोधत बसायचं की काही टूल असतं? शिवाय माझं इंग्रजी काही फार थोर नाही, त्यामुळे मी "दुरुस्त" केलेला शब्द मुळात बरोबरच होता असं निघालं तर काय, ही धास्ती आहेच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रात्रपाळी

वाचतोय. मलाही हेच विचारायचं होतं.

टर्मिनलकर

टूल आहेत ना, पाहिजे तितकी. सुरुवातीला कोडस्पेल घ्या, पायथनमधलं आहे, पिपने बसतं. ते चालतं कसं हे आधी समजून घ्या म्हणजे नंतर डोकं फिरणार नाही. शब्द डिक्शनरीत आहे की नाही हे ते बघतच नाही, त्याच्याकडे नेहमी होणाऱ्या चुकांची एक यादी आहे (मुळात विकिपीडियाच्या यादीवरून घेतलेली) आणि त्या यादीतलं काही दिसलं की ते ओरडतं. म्हणजे 'अँड' लिहिताना बोटं पुढेमागे होऊन ए-डी-एन पडलं असेल तर पकडणार, पण कुणी कीबोर्डवर हात आपटून भलतंच काही लिहिलं असेल तर ते त्याच्या गावीही नसतं. हनस्पेल, अ‍ॅस्पेल ही मंडळी डिक्शनरीवर चालतात, त्यांना डॉक्सवर सोडलं तर प्रत्येक फंक्शनचं नाव, प्रत्येक शॉर्टफॉर्म आणि प्रत्येक माणसाचं आडनाव चूक म्हणून दाखवतात आणि आपण पहिल्याच पानावर कंटाळतो. टायपोज नावाचं अजून एक आहे, रस्टमधलं, भलतंच वेगवान, ते कॅमलकेस आणि अंडरस्कोरवाली नावं फोडून आतले शब्द तपासतं आणि हॅश, यूयूआयडी वगैरे दिसलं की सोडून देतं.

दोन्हींना "सापडलेल्या चुका तूच दुरुस्त करून टाक" असं सांगता येतं. पहिल्या फेरीत ते अजिबात करू नका. कोडस्पेलला नुसतं एन-डी दिसलं तरी त्याला वाटतं 'अँड' लिहायचं राहिलं, आणि आकडेमोडीच्या लायब्ररीत एन-डी म्हणजे एन डायमेन्शनल, तो शब्द दर दोन ओळींनी येतो. असे शब्द वगळायची सोय आहे, आणि प्रोजेक्टमध्ये आधीपासून कोडस्पेलची कॉन्फिग असेल तर ती वगळलेल्या शब्दांची यादी आयती मिळते, ती आधी वाचा. त्यावरून कळतं की आपल्याआधी कोण कुठे अडखळलं होतं.

आणि सेड (मजकूर बदलणारी कमांड) लावून अख्ख्या फोल्डरवर फाइंड-रिप्लेस मारायचा मोह होईल, तो आवरा. डॉट गिटच्या (गिट जिथे बदलांचा इतिहास ठेवतं त्या फोल्डरच्या) आतल्या फाइलींवरही ते फिरतं आणि रिपो (प्रोजेक्टचं अख्खं कोठार) मोडून बसतो. कोडस्पेल लपलेल्या फाइली स्वतःहून वगळतं, सेडला तेवढी अक्कल नाही.

जुनाखोड

मी एक लहानशी लायब्ररी सांभाळतो, तेव्हा मेंटेनरच्या बाजूने सांगतो. खरी चूक कुणी दाखवली तर राग कशाला येईल, उलट बरंच वाटतं की कुणीतरी डॉक्स वाचतंय. वैताग येतो तो आजूबाजूच्या गोष्टींचा. प्रत्येक पीआरमागे एक नोटिफिकेशन येतं, सीआय (आपोआप होणाऱ्या तपासण्या) चालते, डिफ (काय बदललं ते दाखवणारा फरक) उघडावा लागतो, माणूस नवा असेल तर चार शब्द नीट बोलावे लागतात. एका अक्षराच्या पीआरला आणि पन्नास अक्षरांच्या पीआरला हा वरखर्च जवळपास सारखाच. म्हणून पानागणिक वेगळे पीआर नकोत. पण म्हणून अख्ख्या रिपोतल्या शेकडो फाइली एका दमात बदलून पाठवल्या तर तेही नको, कारण एवढा डिफ ओळ न् ओळ कुणी वाचत नाही, आणि त्यावेळी उघडे असलेले बाकीचे पीआर कॉन्फ्लिक्टमध्ये जातात ते वेगळंच. डॉक्सचा एक विभाग धरा, तेवढ्याचा एक पीआर करा, ज्यात कुठलाही वाद होऊ शकत नाही अशाच चुका घाला. तो मर्ज झाला (मूळ प्रोजेक्टात सामील झाला) की पुढचा विभाग.

दुसरं, वेबसाइटवर दिसणारं पान हे बऱ्याचदा शेवटच्या रिलीजचं असतं आणि मेन ब्रँचवर (चालू कामाच्या मुख्य प्रतीत) ती चूक कधीच दुरुस्त झालेली असते. आधी सोर्समध्ये जाऊन बघा, मग उघड्या पीआरमध्ये शोधा, मग काँट्रिब्यूटिंग फाइल (हातभार कसा लावायचा ते सांगणारी) वाचा. या क्रमाने गेलात तर अर्धी कामं पाठवण्याआधीच निकालात निघतात. प्रोजेक्टागणिक रीत वेगळी असते. सीपायथनमध्ये (पायथनचा मूळ प्रोजेक्ट) टायपोसाठी आधी इश्यू (चुकीची नोंद) उघडावा लागत नाही, थेट पीआर चालतो. लिनक्स कर्नलला पीआर हा प्रकारच चालत नाही, तिथे ईमेलने पॅच, तोही ज्या त्या मेंटेनरला (कुणाला पाठवायचा ते सांगणारी स्क्रिप्ट रिपोतच आहे), आणि खाली साइन्ड-ऑफ-बायची (हा बदल द्यायचा हक्क मला आहे अशा हमीची) ओळ नसेल तर एका स्वल्पविरामाचा पॅचसुद्धा घेणार नाहीत. ती पद्धत 2004 पासूनची आहे, लिनक्समध्ये आपला कोड असल्याचा दावा करणाऱ्या एससीओ कंपनीच्या कोर्टकज्जानंतर आली.

आणि कलरमधला यू काढू नका हो कुणी. ब्रिटिश स्पेलिंग ही चूक नाही. प्रोजेक्टच्या स्टाइल गाइडमध्ये अमेरिकन लिहा असं स्पष्ट म्हटलं असेल तरच हात लावा.

टर्मिनलकर

+१. कलरचं म्हणाल तर कोडस्पेलमध्ये ब्रिटिशचं अमेरिकन करणारी यादी आहे पण ती आपोआप लागू होत नाही, मुद्दाम मागावी लागते. मागू नका.

शंकेखोर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या टायपो-पीआरमधले बहुतेक स्वतःच्या गिटहब प्रोफाइलवरचे कामाच्या नोंदीचे हिरवे चौकोन भरायला आलेले असतात. 2020 चा हॅक्टोबरफेस्ट (डिजिटलओशन कंपनीचा ओपन सोर्स उपक्रम) आठवतोय का कुणाला? ऑक्टोबरात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टीशर्ट, मग काय, लोकांनी रीडमीच्या (प्रोजेक्टची ओळख सांगणाऱ्या फाइलीच्या) शीर्षकाला 'अमेझिंग प्रोजेक्ट' अशी शेपटं लावून पीआर पाठवायचा सपाटा लावला. मेंटेनर इतके ओरडले की डिजिटलओशनला 3 ऑक्टोबरलाच नियम बदलावा लागला, ज्या रिपोने स्वतः टॉपिक लावून होकार दिलाय तिथलेच पीआर मोजायचे असं ठरलं. तेव्हापासून 'फिक्स टायपो' असं शीर्षक दिसलं की माझा हात आधी क्लोज बटनाकडे जातो. आता तर एआयला सांगून अख्खा रीडमी घासूनपुसून पाठवतात, त्यात स्पेलिंगच्या दोन खऱ्या दुरुस्त्या आणि बाकी चाळीस वाक्यं उगाच फिरवलेली.

मला विचाराल तर डॉक्समध्ये रिसीव्ह चुकीचं लिहिलं म्हणून कुणाचा प्रोग्राम बंद पडत नाही. वाचणाऱ्याला कळतं ना? मग झालं.

अर्धविराम

शंकेखोर, पहिल्या परिच्छेदाला सहमत, दुसऱ्याला अजिबात नाही. मी टेक्निकल रायटर आहे, हेच काम करतो. वाचणाऱ्याला कळतं खरं, पण शोधणाऱ्याला सापडत नाही. बहुतेक डॉक्स साइटवरचा सर्च साधा असतो, शब्दाचं मूळ रूप काढून जुळवतो, अक्षर इकडचं तिकडे झालं की ते पान निकालात येतच नाही. कंट्रोल-एफचं तेच. ऑथेंटिकेशन हा शब्द अख्ख्या पानात एकदाच आलाय आणि नेमका तिथेच चुकलाय, असं झालं की ते पान त्या प्रश्नापुरतं नसल्यात जमा. आणि ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे ते अनोळखी शब्द दिसला की चूक आहे असं धरत नाहीत, हा काहीतरी नवीन टेक्निकल शब्द असेल म्हणून शोधत बसतात.

मोकळाकंस, आता तुमच्यासाठी. टूल हे निमित्त म्हणून ठीक आहे, पण खरा माल टूलला दिसत नाही. 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर्म' पडला तर दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत, कोडस्पेल गप्प. 'नॉट'च्या जागी 'नाऊ' पडला तर वाक्याचा अर्थ बरोब्बर उलटा होतो, म्हणजे हा फ्लॅग आता वापरू नका असं सांगायचं होतं आणि आता वापरा असं छापलं गेलं, स्पेलिंग मात्र निर्दोष. 'नॉट' पूर्ण गळालेलाही असतो. ही चूक फक्त वाचणाऱ्याला सापडते, आणि तीही डॉक्समध्ये सांगितलंय तसं करून बघणाऱ्यालाच.

माझी सगळ्यात लाडकी चूक म्हणजे डॅशची. कमांडचा ऑप्शन दोन उणे चिन्हांनी सुरू होतो ना, तो लेखकाने कोड म्हणून न लिहिता साध्या वाक्यात लिहिला तर पान बनवताना त्या दोन उण्यांचा एक लांब डॅश होतो (स्फिंक्स या डॉक्सची पानं बनवणाऱ्या टूलमध्ये स्मार्टकोट्स मुळातच चालू असतात, साध्या मजकुरात ते हेच करतात), सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात ती वेगळीच. पान दिसायला सुंदर. नवखा माणूस ती कमांड कॉपी करतो, टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि ऑप्शन ओळखता येत नाही असा एरर येतो, वर त्याला स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतंय. सोर्समध्ये बघितलं तर दोन उणे व्यवस्थित आहेत म्हणून मेंटेनरला पण चूक दिसत नाही. उपाय एवढाच की त्या तुकड्याला बॅकटिकमध्ये (उलट्या अवतरणचिन्हांत) घाला, स्फिंक्सच्या आरएसटीत (डॉक्स लिहायचा मजकुराचा एक प्रकार) असाल तर दुहेरी. अशी एक दुरुस्ती रिसीव्हच्या वीस दुरुस्त्यांपेक्षा मोलाची आणि तिला शंकेखोरसुद्धा क्लोज करणार नाहीत.

शंकेखोर

ही नाही करणार. :)

जुनाखोड

अर्धविराम, डॅशवाला मुद्दा लाखमोलाचा. पीआरच्या वर्णनात "ही कमांड कॉपी करून चालवली तर असा एरर येतो" एवढी एक ओळ असली की मी डोळे झाकून... बरं, डोळे उघडे ठेवून पण लगेच मर्ज करतो.

पोफाईल

भाषांतर करणाऱ्यांच्या बाजूने कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

तुम्ही मूळ इंग्रजीतलं एक अक्षर बदलता तेव्हा आमच्याकडे काय होतं ते बघा. गेटटेक्स्टमध्ये (प्रोग्रामच्या भाषांतरासाठी वापरली जाणारी पद्धत) भाषांतर मूळ वाक्याला बांधलेलं असतं, मूळ इंग्रजी वाक्य हीच त्याची किल्ली. त्यात अक्षर बदललं की किल्ली बदलली. पुढच्या वेळी पीओ फाइली (मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर ठेवणाऱ्या) जुळवल्या जातात तेव्हा ते वाक्य "जुन्यासारखं दिसतंय पण तेच नाही" म्हणून फझी (शंकास्पद) होतं, आणि फझी भाषांतर एमओ फाइल (प्रोग्राम प्रत्यक्ष वाचतो ती) बनवताना वगळलं जातं. म्हणजे भाषांतर शंभर टक्के बरोबर असताना वापरणाऱ्याला तिथे इंग्रजी दिसायला लागतं, एका भाषेत नाही, जेवढ्या भाषांत भाषांतर होतं तेवढ्या सगळ्यांत. डॉक्सचं तर अजून वाईट, कारण स्फिंक्स परिच्छेदच्या परिच्छेद एक तुकडा म्हणून धरतं. आठ ओळींच्या परिच्छेदात कुणी एक ई बदलला की आठही ओळी परत इंग्रजी. पायथनच्या डॉक्सची भाषांतरं अशीच चालतात. मग प्रत्येक भाषेतल्या कुणीतरी तो परिच्छेद उघडायचा, काय बदललंय ते शोधायचं, काहीच बदललं नाही असं कळल्यावर फझीची खूण काढायची. आम्ही सगळे फावल्या वेळात हे करतो हो.

याचा अर्थ दुरुस्ती करू नका असा नाही. चूक ती चूकच. पण वेळ बघा. ग्नोमसारख्या प्रोजेक्टात रिलीजच्या आधी स्ट्रिंग फ्रीझ असतो, त्या काळात स्ट्रिंग बदलायची तर भाषांतराच्या टीमची परवानगी लागते आणि टायपोसाठी ती मागण्यात अर्थ नसतो, तेव्हा रिलीजनंतर लगेच पाठवा. एका परिच्छेदातल्या चुका एकदमच दुरुस्त करा, आज एक आणि पुढच्या महिन्यात दुसरी असं केलं तर आम्ही दोनदा तेच काम करतो. आणि पीओ फाइली त्याच रिपोत असतील तर मेंटेनरला पीओफॉरए या पॅकेजमधल्या एमएसजी-अनटायपॉट नावाच्या छोट्या टूलबद्दल सांगा, ते नेमकं याचसाठी आहे, मूळ वाक्यातला टायपो सुधारला तर सगळ्या पीओ फाइलींमधली किल्ली पण बदलून देतं, फझी होऊ देत नाही. हे टूल फारसं कुणाला माहीतच नसतं.

ज्या सिस्टिममध्ये किल्ली वेगळी आणि मजकूर वेगळा असतो, अँड्रॉइडच्या स्ट्रिंग फाइलीसारखं, तिथे हा त्रास आपोआप होत नाही.

मोकळाकंस

बापरे. मला वाटलं होतं अक्षर बदललं की विषय संपला.

पोफाईल, मग मला बाहेरून कसं कळणार की या डॉक्सची भाषांतरं होतात?

पोफाईल

रिपोत लोकेल किंवा पीओ नावाचं फोल्डर दिसतं, किंवा साइटवर भाषा निवडायची सोय असते, किंवा रीडमीमध्ये वेबलेटचा (भाषांतर करायची वेबसाइट) बिल्ला असतो. काहीच दिसलं नाही तर बिनधास्त पाठवा.

रात्रपाळी

माझा एक प्रश्न. चूक डॉक्समध्ये दिसली पण ती मुळात कोडमधल्याच नावात आहे असं असेल तर? मी वापरतो त्या एका टूलच्या कॉन्फिगमधल्या एका किल्लीचंच स्पेलिंग चुकलंय, डॉक्समध्ये पण अर्थातच तसंच लिहिलंय. डॉक्स सुधारले तर डॉक्स चुकीचे होतील.

टर्मिनलकर

हात लावू नका! हा सगळ्यात मोठा सापळा. याचं आद्य उदाहरण म्हणजे एचटीटीपीचा रेफरर हेडर. त्या हेडरच्या नावात मधे दोन आर हवे होते, एकच लिहिला गेला, 1996 च्या आरएफसी 1945 मध्ये तसाच छापला गेला आणि आज प्रत्येक ब्राउझर आणि प्रत्येक सर्व्हर तेच चुकीचं स्पेलिंग बोलतो. नंतर आलेल्या रेफरर-पॉलिसी हेडरमध्ये मात्र दोन्ही आर आहेत, जावास्क्रिप्टच्या डॉक्युमेंट डॉट रेफररमध्ये पण आहेत, त्यामुळे एकाच पानावर दोन स्पेलिंगं येतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. कुणी सज्जन माणूस ते पान एकसारखं करायला गेला तर त्यातली उदाहरणं चालायची बंद होतील. युनिक्सच्या क्रिएट सिस्टिम कॉलमध्ये शेवटचा ई नाही, केन थॉम्पसनना कुणीतरी विचारलं की युनिक्स परत बनवलं तर काय बदलाल, तर म्हणाले क्रिएटला ई लावेन. तो अजूनही लागलेला नाही.

तुमच्या किल्लीबद्दल म्हणाल तर तो इश्यूचा विषय आहे, टायपो-पीआरचा नाही. नीट करायचं तर नवी बरोबर किल्ली घ्यायची, जुनी पण चालू ठेवायची, जुनी वापरली तर वॉर्निंग द्यायची, आणि कधीतरी पुढच्या मोठ्या व्हर्जनला काढायची. तो निर्णय मेंटेनरचा. डॉक्समध्ये फार तर "स्पेलिंग असंच आहे" अशी टीप टाकायला सुचवा, म्हणजे तुमच्यासारखा दुसरा सज्जन येणार नाही.

लॉगमध्ये येणारे मेसेज पण याच जातकुळीतले. दिसायला साधं वाक्य असतं, पण कुणीतरी कुठेतरी त्या वाक्यावर ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) लावून अलर्ट बांधलेला असतो.

जुनाखोड

त्याच यादीत अजून भर. मथळे. मार्कडाउनमध्ये मथळ्याच्या शब्दांवरूनच अँकर (पानातल्या त्या जागेचा पत्ता) तयार होतो, मथळ्यातलं स्पेलिंग सुधारलं की अँकर बदलतो आणि त्या विभागाकडे बाहेरून येणाऱ्या सगळ्या लिंका पानाच्या वरच्या टोकाला उतरतात. आणि हे सर्व्हरवर रिडायरेक्ट टाकूनही सुधारता येत नाही, कारण हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. मथळा सुधारायचा असेल तर जुना अँकर हाताने तिथे ठेवायचा. स्फिंक्सच्या आरएसटी फाइलींत वेगळीच गंमत, मथळ्याखालची रेघ मथळ्याएवढी किंवा जास्त लांब लागते, तुम्ही राहिलेलं एक अक्षर घातलंत की मथळा रेघेपेक्षा लांब होतो, वॉर्निंग येते, आणि आमच्यासारख्यांनी वॉर्निंग म्हणजे एरर असं सेटिंग ठेवलं असेल तर बिल्ड फेल. नवीन माणूस घाबरतो की मी असं काय केलं.

लायसन्सचा मजकूर, जुना चेंजलॉग, कुणाच्या ईमेलमधलं उद्धृत, टेस्टसाठी मुद्दाम चुकीचा ठेवलेला डेटा, यांना पण हात नको. आणि व्हेंडर किंवा थर्ड-पार्टी असं फोल्डर दिसलं तर ती चूक आमची नाही, ज्याचा कोड आहे त्याच्याकडे पाठवा, आम्ही इथे बदललं तरी पुढच्या अपडेटला ती परत येणार.

शंकेखोर

अवांतर: टायपो-पीआरकडे सिक्युरिटीच्या नजरेनेही बघा. गिटहबवर पहिल्यांदा येणाऱ्याच्या पीआरला सीआय चालवायला मंजुरी लागते, पण त्याचा एक पीआर मर्ज झाला की तो ओळखीचा धरला जातो आणि पुढचे त्याचे पीआर नेहमीच्या सेटिंगमध्ये बिनमंजुरीचे चालतात. 2023 मध्ये सिक्युरिटी रिसर्चरनी पायटॉर्चवर हेच करून दाखवलं, आधी एक टायपो सुधारून शहाण्यासारखा मर्ज करून घेतला आणि मग प्रोजेक्टच्या स्वतःच्या रनर (सीआय चालवणाऱ्या) मशीनवर आपला कोड चालवला. त्यांनी ते रीतसर कळवलं म्हणून बरं. तेव्हा पब्लिक रिपोला स्वतःची मशीनं जोडणाऱ्यांनी बाहेरच्या प्रत्येकाला मंजुरी लागेल असं सेटिंग करून ठेवा. धागाकर्त्यावर संशय नाही हां.

मोकळाकंस

नसावा. :) आधी मला दुसरी कमांड तरी नीट जमू दे.

बरं, प्रगती सांगतो. तुम्ही सांगितलं तसं मेन ब्रँचवर जाऊन बघितलं, तर खरंच बऱ्याच चुका तिथे आधीच सुधारलेल्या निघाल्या. उरलेल्यांपैकी इन्स्टॉलेशनचा विभाग धरला, कारण तो सगळे वाचतात, आणि नुसतं कोडस्पेल न चालवता त्यातली प्रत्येक पायरी रिकाम्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये करून बघितली. अर्धविराम म्हणतात तसा एक डॅश खरंच सापडला! शिवाय एका ठिकाणी जे फोल्डर बनवायला सांगितलंय त्याचं नाव एकवचनी आणि पुढच्या कमांडमध्ये तेच अनेकवचनी, म्हणजे कमांड चालणारच नाही. हे कुठल्याच टूलने दाखवलं नव्हतं. पीआर टाकलाय, वर्णनात काय करून बघितलं तेही लिहिलंय.

पण एपीआय रेफरन्सच्या पानावरची चूक कुठल्याच डॉक्स फाइलीत सापडत नाहीये. शोध शोध शोधली. पानावर दिसतेय, सोर्समध्ये नाही.

टर्मिनलकर

ते पान जनरेट होत असणार. कोडमधल्या डॉकस्ट्रिंगमधून (कोडमध्येच लिहिलेलं फंक्शनचं वर्णन) उचललं जातं, डॉक्सचं फोल्डर सोडून अख्ख्या रिपोत त्या चुकीच्या शब्दावर गिट ग्रेप मारा. बऱ्याच मॅन पेजचं पण असंच, हाताने लिहिलेलं काही नसतं. जनरेट झालेल्या फाइली कुणी रिपोत कमिट करून ठेवल्या असतील तर तिथे दुरुस्त करून उपयोग नाही, पुढच्या बिल्डला पुसल्या जातील. वरच्या ओळीत "ही फाइल हाताने बदलू नका" असं बहुधा लिहिलेलंच असतं, आपणच वाचत नाही.

मोकळाकंस

सापडली, डॉकस्ट्रिंगमध्येच होती. आणि तीच चूक कॉपी-पेस्ट होऊन त्याच फाइलीत बऱ्याच फंक्शनांच्या डोक्यावर बसलीये. आता ही कोडची फाइल आहे, मग पीआर वेगळा करू का?

जुनाखोड

वेगळाच करा. डॉक्सच्या पीआरला काही प्रोजेक्टात पूर्ण टेस्ट चालत नाहीत, कोडची फाइल आली की सगळ्या चालतात आणि रिव्ह्यू करणारा माणूसही वेगळा असू शकतो. पाठवण्याआधी डिफ एकदा स्वतः वाचा, तुमचा एडिटर सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढत असेल तर शंभर ओळी बदललेल्या दिसतील आणि त्यात तुमची अक्षरं शोधावी लागतील. ते सेटिंग तेवढ्यापुरतं बंद करा.

रात्रपाळी

आणि अशी मोठी दुरुस्ती झाली की गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी सोय) प्रत्येक ओळीवर टायपो सुधारणाऱ्याचंच नाव दिसतं, त्याचं काय? आमच्याकडे एकदा असं झाल्यावर मूळ ओळ कुणी लिहिली हे शोधताना वैताग आला होता.

जुनाखोड

डॉकस्ट्रिंगच्या काही ओळींसाठी काही करायची गरज नाही. खरंच शेकडो ओळींचा कमिट (नोंदवलेला बदल) असेल तर त्याचा हॅश (ओळख सांगणारा कोड) डॉट गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ज या नावाच्या फाइलीत टाकतात, ब्लेम तो कमिट ओलांडून मागचा दाखवतं. गिट 2.23 पासून, म्हणजे 2019 पासून ही सोय आहे. आपल्या मशीनवर मात्र ती फाइल वापर असं गिटला एकदा कॉन्फिगमध्ये सांगावं लागतं, गिटहबच्या ब्लेम पानावर ते आपोआप होतं. फक्त हॅश मर्ज झाल्यानंतरचा घ्या, स्क्वॉश केलं (सगळे कमिट एकात गुंडाळले) की आधीचा बदलतो.

मोकळाकंस

डॉक्सच्या पीआरवर उत्तर आलं. स्पेलिंगवर काहीच बोलले नाहीत, फोल्डरच्या नावावर म्हणाले की अनेकवचनी बरोबर आहे, मी एकवचनीकडे सुधारलं होतं ते उलट करा, आणि कमांडचं उदाहरण विंडोजसाठी पण तपासता येईल का विचारलंय. माझ्याकडे विंडोज नाही. कुणाकडे आहे का, पाचच पायऱ्या आहेत, लिंक व्यनि करतो.

शंकेखोर

माझ्याकडे आहे. पाठवा, रात्री बघतो. पाथमधल्या स्लॅशवरून एक चूक तर तिथे नक्की निघणार.